चार दिवस हळद बंद

अबू धाबीहून परत आले तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांनी एकच विचारलं, काय काय पाहिलंत? मोठी मशीद पाहिली का, उंटावर बसलात का, सोन्याच्या बाजारात गेलात का? मी तिथे सत्तावीस दिवस होते आणि यातलं एकही केलं नाही. मी एक चिनी डॉक्टरीण पाहिली, तेलाचं एक गाव लांबून पाहिलं आणि माझ्या धाकट्या भावाचे डोळे पाहिले, ते मात्र उशिरा. ज्यांना उंटाची हौस आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मी सांगलीची. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे आणि एकटी राहते. वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांतून हळद वर काढायचे तेव्हा ते आम्हाला न्यायचे, आणि परत येताना आमचे पाय घोट्यापर्यंत पिवळे असायचे. आई गेली तेव्हा मिलिंद सहा वर्षांचा होता आणि मी सोळा. त्याला न्हाऊमाखू मी घातलं, पाढे मी घेतले, ताप आला की हळदीचं दूधही मीच पाजलं. आता तो त्रेपन्न वर्षांचा आहे आणि रुवैस नावाच्या गावी तेलाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, पण माझ्यासमोर अजून खुर्चीवर सावरून बसतो.

दिवाळीनंतर वृषालीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, ह्यांचं वजन उतरलंय. पाठ दुखते म्हणतात, झोप नाही. कंपनीच्या हॉस्पिटलमध्ये जायला तयार नाहीत. जानेवारीत ॲन्युअल मेडिकल आहे, त्याच्या आधी फाइलवर काही चढायला नको म्हणतात. एकदा अनफिट लिहिलं की प्लांटवरून काढतील. आणि मग व्हिसा, ईशाची बारावी, सगळंच." मग म्हणाली, "दुबईत एका चायनीज डॉक्टरकडे जातात दर शनिवारी. तुम्ही या ना. तुमचं ऐकतात ते."

ऐकतो हे खरंच होतं, आणि पुढे त्यानेच घात केला. मी बॅग भरली. खसखस तिथे चालत नाही म्हणून वृषालीने तीनतीनदा बजावलं होतं. हळद चालते, म्हणून दोन किलो घेतली. मिलिंदसाठी तांब्याची नवी जिभलीही घेतली, कारण तिकडे जाऊन हा प्लॅस्टिकच्या ब्रशने जीभ घासत असणार, अशी माझी खात्री होती.

अल रीम

अबू धाबीतलं अल रीम हे बेट आहे हे मला चौथ्या दिवशी कळलं. समुद्र दिसतो, पूल दिसतात, पण बेट म्हटल्यावर जे मनात येतं त्यातलं काहीच नाही. नुसत्या इमारती, एकीच्या काचेत दुसरी. मिलिंदचं घर एकोणतिसाव्या मजल्यावर. डिसेंबरात सकाळी धुकं असं उतरतं की खालचा रस्ता नाहीसा होतो आणि माणूस खिडकीशी चहा घेऊन उभा राहिला की आपण कुठेच नाही असं वाटतं. मला ते अजिबात आवडलं नाही. इतक्या वर राहणाऱ्यांना शेजारी कसा हाक मारणार, हा माझा पहिला प्रश्न, आणि कुणी हाक मारतच नाही, हे त्याचं उत्तर.

मिलिंद विमानतळावर आला होता. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. मी येणार म्हणून त्याने दोन आठवडे रजा काढली होती. "काय रे, हे काय करून घेतलंस?" म्हटलं, तर म्हणाला, "जिम लावलंय ताई." इतकं वाईट खोटं तो लहानपणीही बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी ताबा घेतला. सकाळी उठल्यावर जिभली, मग हळदीचं दूध, मग बाकी सगळं. रात्री झोपताना पुन्हा हळदीचं दूध. ईशा, माझी भाची, दुधाकडे बघून म्हणाली, "आत्या, धिस इज बेसिकली अ लाते." मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजायचं. मिलिंद मात्र कप दोन्ही हातांत धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा. मला फार बरं वाटायचं.

पहिला शनिवार, सिलिकॉन ओएसिस

दुबईला आम्हाला इस्माईलभाई न्यायचे. हे दापोलीकडचे, तीस वर्षं अबू धाबीत किराण्याचं दुकान चालवणारे, मिलिंदचे अगदी पहिल्या वर्षापासूनचे स्नेही. त्यांनाच गुडघ्यांसाठी त्या चिनी डॉक्टरणीचा गुण आला होता आणि त्यांनीच मिलिंदला तिथे नेलं होतं. खाली गाडी लावून फोन करायचे, "यल्ला ताई, उतरा. धुकं जाम आहे, इन्शाल्ला वेळेत पोचू."

सिलिकॉन ओएसिस हे कंप्युटरच्या कंपन्यांचं उपनगर. एका उंच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, नखं रंगवायच्या दुकानाशेजारी तो दवाखाना. आत शिरल्यावर पहिला आला तो वास: ज्येष्ठमध, दालचिनी, सुंठ आणि वर कसला तरी जळकट पाल्याचा. मी दारातच थबकले. आमच्या पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात हाच वास येतो.

डॉक्टर लिन पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, केस अगदी आखूड कापलेले. इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ बोलत. मी सांगून टाकलं की मी विज्ञानाची शिक्षिका आहे आणि मोठी बहीण आहे, म्हणून तपासताना आत बसणार. त्यांनी मिलिंदकडे पाहिलं. तो म्हणाला, "शुअर, शुअर." दुसरं काय म्हणणार होता?

तपासणी मी नीट बघितली, कारण तिथे मी परीक्षक म्हणूनच गेले होते. आधी नाडी. मनगटावर तीन बोटं, तीन जागा, प्रत्येक जागी आधी हलकं दाबायचं आणि मग खोल. असं दोन्ही हातांना. डाव्या हाताला हृदय, यकृत, मूत्रपिंड वाचायचं, उजव्याला फुप्फुस, पचन आणि पुन्हा मूत्रपिंड. आमचे वैद्यही तीनच बोटं ठेवतात, ते वात, पित्त, कफ म्हणतात. बाईंची पाच तत्त्वं आहेत: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. मी विचारलं, आमच्या पाचांत हवा आणि आकाश आहे, तुमच्यात नाही? त्या म्हणाल्या, "हवेचं काम आमच्याकडे ची करते." ची म्हणजे शरीरात वाटांनी फिरणारी शक्ती, आपण प्राण म्हणू त्याच्या जवळपासची. ती वाट कुठे अडली की दुखतं. सुई टोचून, शेकून, चोळून ती वाट मोकळी करायची, एवढं सगळ्या शास्त्राचं सार. हे प्रयोगशाळेत दिसतं का, असं मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "नाही दिसत. पेशंट झोपतो, ते दिसतं."

मग जीभ. जिभेचं टोक हृदयाचं, कडा यकृताच्या, मध्य पोटाचा, मूळ मूत्रपिंडाचं. वर जो थर असतो त्याचा रंग आणि जाडी बघून आत काय चाललंय ते ताडायचं. मिलिंदने जीभ बाहेर काढली. तांब्याने खरवडून लालभडक केलेली, वर पिवळी झाक. डॉक्टर लिन बराच वेळ बघत राहिल्या आणि मग हसू दाबत म्हणाल्या, "कोणीतरी माझं पुस्तक पुसून ठेवलंय आणि वर रंगही दिलाय."

मी सगळं कबूल केलं. जिभली माझी, हळद माझी. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हळद आमच्याकडेही औषध आहे, म्हणून ती किती रंग सोडते हे मला ठाऊक आहे. पुढच्या वेळी येण्याआधी चार दिवस जीभ घासू नका आणि चार दिवस हळद बंद. मी मान डोलावली.

शेवटी प्रश्न. घाम येतो का, तहान कशी, झोप कशी, भूक कशी, लघवीचा रंग, शौचाचा रंग. मिलिंद भिंतीकडे बघून भराभर म्हणाला, "नॉर्मल. ऑल नॉर्मल."

सुया केसासारख्या बारीक. गुडघ्याखाली, हाताच्या अंगठ्यालगत, पाठीवर. रक्त नाही. "दुखतंय का रे?" मी विचारलं. "नाही ताई, जड वाटतंय." मग तो झोपला. पालथा, कण्यावर सुयांची रांग, आणि बरगड्या मोजता येतील अशा. अर्धा तास मी त्या बरगड्यांकडे बघत बसले. उठल्यावर म्हणाला, "पाठ हलकी झाली." त्याचं वाक्य खरं होतं. पाठ हलकी होत होती म्हणूनच आम्ही सगळे निर्धास्त राहिलो.

बाहेर इस्माईलभाई सदरा चढवत होते. पाठीवर गोल गोल काळेनिळे डाग. काचेच्या पेल्यात जाळ फिरवून तो पेला पाठीवर उलटा ठेवतात, आतली हवा आटते आणि कातडी वर ओढली जाते. "आमच्यात हिजामा म्हणतात, त्यात रक्त पण काढतात," ते म्हणाले. "ही बाई नुसतं ओढते." मी म्हटलं, आमच्याकडे याला तुंबडी म्हणतात, माझ्या आजोबांना लावलेली मी पाहिली आहे. तीन मुलखांचे उपचार एकाच पेल्याखाली आले, याची त्या दिवशी मला मौज वाटली.

धूर

डॉक्टरांनी घरी शेकायला एक कांडी दिली होती. वाळवलेल्या पाल्याची घट्ट वळलेली, विडीच्या चौपट जाड. पेटवायची आणि कातडीपासून दोन बोटं लांब धरून ऊब द्यायची, भाजायचं नाही. आमच्याकडे ओव्याची पुरचुंडी शेकतात तसंच, फक्त हिचा धूर फार. आपण बाल्कनीत बसा, असं त्यांनी सांगितलं होतं. पण बाल्कनीत गार वारा, त्यात मिलिंद उघडा, म्हणून मी त्याला हॉलमध्येच पालथा घातला.

चार मिनिटांत छतातल्या धुराच्या अलार्मची किंचाळी सुरू झाली. मग जिन्यातून दुसरी, मग सगळ्या इमारतीची. ईशा खोलीतून बाहेर आली, कांडी बघितली, मला बघितलं. "आत्या, सिरियसली?" दोन सुरक्षारक्षक धावत आले. त्यातला एक नेपाळी होता, त्याने वास घेऊन विचारलं, "पूजा किया क्या मॅडम?" मी हो म्हटलं. चिनी वैद्यक हिंदीत समजावण्यापेक्षा ते सोपं होतं. मिलिंद सतरंजीवर पडल्या पडल्या इतका हसला की पोट धरून बसला. आधी मला वाटलं हसूनच धरलंय. मग बराच वेळ त्याने हात काढला नाही.

त्यानंतर आम्ही खालच्या बागेत जाऊ लागलो. तिथे सकाळी चारपाच चिनी आजीआजोबा अगदी संथ हातवारे करत व्यायाम करतात. पाण्यात चालल्यासारखे. त्यांचं म्हणणं, यानेही ची फिरती राहते. मिलिंद त्यांच्यामागे उभा राहून तसंच करायचा. पाचव्या मिनिटाला बाकावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "खलास."

दुसरा शनिवार

मंगळवारपासून हळद बंद करायची होती. जिभली मी बंद केली. भाजीआमटीतली हळदही वृषालीने बंद केली. गुरुवारी मिलिंदला बारीक खोकला आला. शुक्रवारी रात्री तो खोकला ऐकून मला राहवेना. एका कपाने काय होतंय, असं म्हणून मी दूध गरम केलं. शनिवारी सकाळी निघतानाही दिलं. डॉक्टरांना जीभ वाचायची आहे की माझ्या भावाला बरं करायचं आहे, असा माझा त्या वेळचा तोरा होता.

जीभ पुन्हा पिवळी. डॉक्टर लिन यांनी माझ्याकडे पाहिलं. "टर्मरिक?"

"हो. खोकला होता, म्हणून मी दिली."

त्यांनी लिहून घेतलं. मग त्याची पापणी खाली ओढून पाहिली. त्या खोलीत मंद पिवळा दिवा असतो, पेशंटला झोप यावी म्हणून. "डोळे मला जरा वेगळे वाटतात," त्या म्हणाल्या.

"झोप नाही ना त्याला," मी म्हटलं. "आणि हा तुमचा दिवाही पिवळा आहे."

हे मी म्हटलं. जिने पस्तीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर यकृत आणि पित्ताशय रंगीत खडूंनी काढलं, पित्ताची वाट अडली तर काय होतं ते पोरांकडून पाठ करून घेतलं, तिने. डॉक्टर लिन यांनी पुन्हा तेच प्रश्न विचारले आणि मिलिंद पुन्हा भिंतीला म्हणाला, "ऑल नॉर्मल." त्यांनी सुया लावल्या आणि मला शांतपणे सांगितलं, पुढच्या शनिवारी खरंच चार दिवस बंद, प्लीज.

रुवैस

रजा संपली आणि सोमवारी त्याला हजर व्हायचं होतं. रविवारी इस्माईलभाई, मी आणि तो असे निघालो. एरवी तो कंपनीच्या बसने जातो आणि आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये राहतो. या वेळी मी हट्टाने गेले. भाऊ वीस वर्षं कुठे राबतो हे मला पाहायचं होतं.

पश्चिमेकडे जाताना आधी इमारती संपतात, मग झाडं, मग वाळूसुद्धा संपते. उरते ती खारट, पांढरट, सपाट जमीन. आमच्याकडे ओसाड माळावरही एखादी बाभूळ असते, शेळी असते. इथे नजर ठेवायला काही नाही. मिलिंद मागच्या सीटवर पाय घेऊन झोपला होता आणि झोपेत हात खाजवत होता, दंडावर नखांचे ओरखडे होते. "इथली हवा कोरडी," असं मी इस्माईलभाईंना म्हणाले. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

रुवैस आधी दिसतं ते आगीने. एका उंच नळकांड्याच्या टोकाला भर दिवसा ज्योत जळत असते. कारखान्यात मला सोडणार नव्हते, म्हणून कुंपणाबाहेर गाडी थांबवून मिलिंदने बोटाने दाखवलं: ते माझं युनिट, ती कंट्रोल रूम, त्या शिडीवरून मी रोज चढतो. "सध्या दोनदा थांबतो मध्ये," तो म्हणाला. मग एकदम, "ताई, मेडिकलपर्यंत होईन ना गं मी ठीक?" लहानपणी परीक्षेच्या सकाळी विचारायचा त्याच आवाजात.

"होशील की. न व्हायला काय झालंय?" मी म्हटलं.

त्याला क्वार्टरवर सोडलं. एक पलंग, एक टेबल, खिडकीत मी पाठवलेल्या लोणच्याची बरणी. तो दारात उभा राहून हात हलवत होता आणि समोरून लख्ख ऊन त्याच्या तोंडावर होतं. गाडी वळली तसे इस्माईलभाई म्हणाले, "ताई, मिलिंदभाईंचे डोळे बघितलेत?"

"हळद आहे हो ती. मी पाजते ना रोज."

ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "मी तीस वर्षं हळद विकतोय. हाताला लागते, कपड्याला लागते. डोळ्याला नाय लागत, ताई."

मला सगळं त्याच क्षणी कळलं होतं. कळलं होतं आणि तरी अबू धाबीपर्यंत मी मनात दिवा, झोप, हवा असं एकेक पुन्हा मांडून बघत होते. घरी पोचल्यावर मी वृषालीला काही सांगितलं नाही. फोन करून मिलिंदला फक्त म्हटलं, हळद बंद, जिभलीही बंद. तो म्हणाला, "येस मॅडम." शनिवारपर्यंत थांबायचं ठरलं होतं म्हणून मी थांबले. तेवढे सहा दिवसही माझ्याच नावावर आहेत.

तिसरा शनिवार

डॉक्टर लिन यांनी त्याला दारातच पाहिलं आणि खोलीत न नेता आधी खिडकीशी नेलं. पडदा सरकवला. उजेडात पापणी ओढली. मग जीभ. सहा दिवस न घासलेली, हळद न लागलेली, आणि पिवळी. जाड, चिकट, मुळापर्यंत पिवळी.

त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, आज आपण बाहेर बसाल?"

मी मिलिंदकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. मी बाहेर गेले. इस्माईलभाईंनी माझ्यासाठी खुर्ची सरकवली आणि शेजारी बसून राहिले. शेजारच्या दुकानातून नखरंगाचा वास येत होता.

दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आल्या. हातात पाकीट. "आज सुया नाहीत," त्या म्हणाल्या. "हे माझ्या सुयांचं काम नाही. आजच हॉस्पिटलमध्ये जा, स्कॅन करा. उद्यावर टाकू नका." मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. लघवी चहासारखी होते, शौच पांढुरकं, अंगाला खाज. तीन आठवडे झाले. तुमच्यासमोर सांगायला त्यांना लाज वाटत होती, तुम्ही त्यांना आईसारख्या आहात म्हणाले. "पहिल्याच दिवशी मी तुम्हाला बाहेर पाठवायला हवं होतं. ती माझी चूक," असं म्हणून त्यांनी माझा हात धरला. तीन बोटं नाही, पूर्ण हात.

मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण जिला मी परीक्षक म्हणून बघायला गेले, तिने आपली हद्द बरोबर ओळखली होती. चूक परीक्षकाची होती.

गाडीत मी मिलिंदला विचारलं, "अरे, मला नाही तर वृषालीला तरी सांगायचंस."

"तिने तुला सांगितलं असतं, ताई. आणि तू मला हॉस्पिटलमध्ये नेलं असतंस. मग मेडिकलचं काय?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आणि तू म्हणत होतीस ना हळद आहे, मला ते बरं वाटत होतं."

अबू धाबीच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर केरळचे होते, तरुण. स्कॅन बघून त्यांनी आधी सगळ्यांना बसायला सांगितलं. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ आहे, तिने पित्ताची वाट दाबली आहे, आजूबाजूला पसरली आहे, ऑपरेशन होण्यासारखं नाही. नळी घालून पित्त मोकळं करू, मग किमो. ते पेन उघडून म्हणाले, "डोळे पिवळे कधीपासून?"

वृषालीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तिला खरंच माहीत नव्हतं.

"दोन आठवडे," मी म्हटलं. "आम्हाला हळद वाटली."

त्यांनी लिहिलं. निघताना मी एकटी मागे राहिले आणि विचारलं, दोन आठवडे आधी आलो असतो तर? "प्रॉबेब्ली नॉट, मॅडम," ते म्हणाले. बहुतेक नाही. त्यातलं 'नाही' मला झोपताना कधी आठवत नाही, 'बहुतेक' तेवढं आठवतं.

मेडिकलची तारीख आली आणि गेली. फाइलवर जे चढायचं ते चढलं.

सांगली

माझा व्हिसा संपत आला तशी मी परत आले. निघण्याच्या सकाळी वृषालीने डब्यातली उरलेली हळद माझ्या बॅगेत घातली. पुरचुंडी नीट बांधली, विमानात सांडू नये म्हणून. ईशा विमानतळावर मला घट्ट मिठी मारून म्हणाली, "इट्स नॉट युअर फॉल्ट, आत्या." म्हणजे घरात तसं काहीतरी बोलणं झालं असणार.

आता मार्च आहे. पेठेत नवी हळद आली आहे आणि वारा सुटला की आमच्या गॅलरीत पिवळी धूळ बसते. मी ती दोनदा पुसते. नळी घातल्यावर मिलिंदचे डोळे स्वच्छ झाले होते, महिनाभर तो जेवायलाही लागला होता. डॉक्टर लिन अजूनही त्याला आठवड्यातून एकदा सुया लावतात, मळमळ आणि दुखण्यासाठी, हॉस्पिटलच्या डॉक्टरांना विचारून. आता त्या त्याच्याकडून पैसे घेत नाहीत असं इस्माईलभाई सांगतात.

रोज सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. माझे आठ वाजलेले असतात, त्याचे साडेसहा. मागे खिडकीत धुकं असतं. कॉल लागला की तो आधी जीभ बाहेर काढून दाखवतो. "बघ ताई, घासलेली नाही." ही त्याची थट्टा आहे. मी चष्मा लावून बघते. टोक हृदयाचं, कडा यकृताच्या, मध्य पोटाचा, एवढं मला पाठ आहे. वाचता काही येत नाही.

गेल्या आठवड्यापासून ती पुन्हा पिवळी दिसते. डोळेही. त्यालाही आरशात दिसत असणार. काल त्याने जीभ आत घेतली, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पिवळी आहे का गं?"

त्या घरात आता हळदीचा कणही नाही. हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही.

"हळदीची आहे ती," मी म्हटलं.

"हो ना," मिलिंद म्हणाला. "मलाही तेच वाटलं."